जेवणाची वेळ आणि पोटाची वेळ

गतवर्षीप्रमाणे याही अहवालात आमच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी आढळणाऱ्या एका विकाराची माहिती हितचिंतकांसमोर व रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर ठेवीत आहोत. आय.बी.एस. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात पोटात मुरडा येतो, कधी जुलाब तर कधी मलावरोध होतो, पोट फुगते आणि तपासणीत मात्र आतड्याला कोणतीही इजा दिसत नाही. भारतीय पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत साधारणतः शंभरातील चार व्यक्तींना हा त्रास असल्याचे आढळले होते. या आजाराने जीव जात नाही. परंतु माणूस प्रवास टाळू लागतो, लग्नकार्यात जेवत नाही आणि तपासण्यांवर पुन्हा पुन्हा खर्च करीत राहतो.

असेच एक शिक्षक आमच्याकडे आले होते. सकाळचा चहा घेतला की एकदा, न्याहारी झाली की पुन्हा आणि एस.टी. स्थानकावर पोचेपर्यंत आणखी दोनदा त्यांना शौचास जावे लागे. दुपारनंतर बहुधा काहीच तक्रार नसे. हातातील पिशवीत सोनोग्राफीचे तीन अहवाल होते व तिन्ही निर्दोष होते. “खाल्लेले अन्न अंगी न लागता तसेच निघून जाते,” असे त्यांचे म्हणणे होते आणि घरच्यांच्या मनात कर्करोगाची धास्ती होती. त्रास कोणत्या वेळी होतो आणि कोणत्या वेळी होत नाही, हे मात्र त्यांना तोवर कोणी विचारलेले नव्हते.

वास्तविक आत्ताच खाल्लेले अन्न लगेच बाहेर पडत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या प्रवासास त्याला बहुधा एक ते दोन दिवस लागतात. घडते ते असे: जठरात अन्न पडताच काही मिनिटांत मोठ्या आतड्याला हालचालीचा संदेश जातो व तेथे आधीपासून असलेला मळ पुढे सरकतो. निरोगी माणसातही हे होतेच. आय.बी.एस.च्या रुग्णात मात्र आतड्याच्या नसा अधिक हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे हीच हालचाल त्याला कळ म्हणून जाणवते. जेवण जितके मोठे व तेलकट, तितका हा प्रतिसाद जोरकस. शिवाय मोठे आतडे रात्री जवळजवळ निजलेले असते आणि माणूस जागा होताच तेही जागे होते. मळ पुढे ढकलणाऱ्या जोरदार लाटा प्रामुख्याने पहाटे उठल्यावर आणि जेवणानंतर येतात. उठणे, चहा आणि न्याहारी ही तिन्ही कारणे तासाभरात एकत्र आली की सकाळची धावपळ होणारच!

पोट फुगण्याचे वेळापत्रक याहून वेगळे आहे. तूर, हरभरा, कांदा, लसूण यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. चार ते सहा तासांनी त्या मोठ्या आतड्यात पोचतात व तेथील जंतू त्यांपासून वायू तयार करतात. म्हणून दुपारच्या वरणाचा किंवा झुणक्याचा परिणाम दिवेलागणीला जाणवतो आणि दोष मात्र संध्याकाळच्या चहाला दिला जातो. कमरेचे वस्त्र सकाळी सैल व सायंकाळी घट्ट वाटते, ही तक्रार आमच्या भगिनी रुग्ण वारंवार सांगतात. रात्रीच्या विश्रांतीनंतर बहुधा ही फुगवट उतरते.

हे निरीक्षण आपल्याकडे नवे नाही. ‘माधवनिदान’ या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथात संग्रहग्रहणी नावाच्या चिवट विकाराचे वर्णन आहे. तो दिवसा बळावतो व रात्री शांत होतो, असे तेथे नमूद केले आहे. संग्रहग्रहणी आणि आय.बी.एस. एकच, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु रुग्णाला त्रासाची वेळ विचारणारा वैद्य कित्येक शतकांपूर्वी होता, एवढे निश्चित. आय.बी.एस.चे निदान करण्यासाठी २०१६ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत मात्र पोटदुखीचा शौचाशी संबंध विचारला जातो, जेवणाशी नाही. रुग्ण तर आधी जेवणाचेच सांगतात.

रात्रीच्या शांततेचे महत्त्व आम्हाला एका चुकीतून अधिक उमगले. जुलाब व पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या एका तरुण शेतमजुरावर आम्ही काही आठवडे आय.बी.एस. समजून उपचार केले. वजन उतरल्याचे त्याने सांगितले होते, पण हंगामातील कष्टांमुळे ते उतरले असावे असे आम्ही गृहीत धरले. पुढे त्याच्या आईने सांगितले की तो रात्री दोन-तीनच्या सुमारास पोट धरून उठून बसतो व संध्याकाळी त्याचे अंग तापते. तपासणीअंती आतड्याचा क्षयरोग निघाला. शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळणारा सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण करून तो बरा झाला. आतड्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही, हे ठाऊक असूनही आम्ही रात्रीविषयी विचारले नव्हते. झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, मळातून रक्त, ताप, घटते वजन, रक्तक्षय, अथवा पंचेचाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास तो आय.बी.एस. मानून घरी बसू नये.

आता अशा रुग्णांना आम्ही दोन आठवड्यांसाठी एक छोटी वही देतो. उठण्याची वेळ, काय व किती खाल्ले, कळ केव्हा आली, शौच कधी व कसे झाले, रात्री जाग आली का, एवढेच त्यात लिहावयाचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातील शाळकरी मूल लिहिते, आणि मुले आजीच्या मिरचीच्या ठेच्याची नोंद मोठ्या प्रामाणिकपणे करतात. स्त्रियांच्या वह्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. घरात शौचालय नसताना उजाडण्यापूर्वी किंवा अंधार पडल्यावरच जाण्याची जी सवय लागली, ती शौचालय झाल्यानंतरही अनेकींची सुटलेली नाही. दिवसभर वेग दाबून धरल्याने मलावरोध व पोटदुखी वाढते आणि अशा वेळी औषधापेक्षा सवय बदलण्यास अधिक वेळ द्यावा लागतो.

वही पाहून सल्ला देणे सोपे जाते. पहाटे केवळ चहावर शेतात जाऊन दुपारी एकदम भरपेट जेवणाऱ्यास आम्ही तेच अन्न तीन-चार वेळांत विभागण्यास सांगतो. उपवासाच्या दिवशी दिवसभर उपाशी राहून रात्री तळलेले साबुदाणा वडे खाणे टाळावे. ज्वारीची भाकरी सोडण्याचे सहसा कारण नसते. डाळी भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे वायू करणाऱ्या शर्करा काही अंशी कमी होतात. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावे. गव्हाच्या कोंड्याने मात्र काहींची फुगवट वाढते. मुरड्यावरील मेबेव्हेरिनसारखी गोळी कळ आल्यावर नव्हे, तर जेवणापूर्वी सुमारे २० मिनिटे घ्यावयाची असते, हे तर निम्म्याहून अधिक रुग्णांना पुन्हा सांगावे लागते. भीतीपोटी एकेक पदार्थ सोडीत केवळ ताक-भातावर येऊन पोचलेल्या रुग्णांची आम्हास अधिक चिंता वाटते. वहीत ज्या पदार्थावर ठपका आलेला नाही, तो त्यांनी पुन्हा खाण्यास सुरुवात करावी, असा आमचा आग्रह असतो.

उपरोक्त शिक्षकांच्या वहीत चौदाही रात्री स्वस्थ झोपेच्या होत्या व धोक्याचे अन्य कोणतेही लक्षण नव्हते. रक्ताची व मळाची साधी तपासणी करून आम्ही चौथी सोनोग्राफी टाळली. ते आता पाऊण तास आधी उठतात, रिकाम्या पोटी चहा घेत नाहीत आणि न्याहारी थोडकी करून उरलेली डब्यात नेतात. सकाळच्या चार खेपांच्या बहुधा दोन होतात. एखाद्या दिवशी गाडी चुकते, असेही त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे.