केळीचा जीव गड्ड्यात, पामचा शेंड्यात

इंग्लंडात, मिडलंड्सच्या चिकणमातीत केळ आणि पाम लावणाऱ्यांना मार्च महिना हमखास चकवतो. केळ काळी पडून लोळलेली असते, पाम मात्र हिरवागार उभा असतो. मग माणसं केळ उपटून टाकतात आणि पामला हौसेने खत घालतात. पुष्कळदा उपटलेली केळ जिवंत असते आणि खत घातलेला पाम कधीच गेलेला असतो. माझ्या बागेत हे घडलं आहे आणि ओळखीच्या मराठी घरांतही कडक हिवाळ्यानंतर घडताना दिसतं. इथे केळ लावणारे आपले लोक फळासाठी लावतच नाहीत. गणपतीच्या नैवेद्याला पान हवं, सत्यनारायणाला खांब हवेत, एवढीच इच्छा असते. त्यामुळे झाड गेलं की नुसती बाग सुनी होत नाही, घरातलं काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

डिसेंबर २०२२ची थंडी इथले बागवाले विसरणार नाहीत. नोव्हेंबर इतका उबदार गेला होता की केळीला नवं पान सुटत होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी एकदम कोसळली. स्कॉटलंडात ब्रेमारला पारा उणे १७च्या खाली गेला. आमच्याकडे तेवढा उतरला नाही, पण बादलीतला बर्फ भर दुपारीही वितळत नव्हता. मग थंडी हटली ती पाऊस घेऊनच. माझा पाम तेव्हा नर्सरीवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे शेंड्यापासून बुंध्यापर्यंत बबल रॅपमध्ये गुंडाळलेला होता. मार्चमध्ये सोडला तर पानं ताजी, देठ ताठ. मधली न उघडलेली सुई चिमटीत धरून ओढली आणि ती अलगद वर आली. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचं. कोकणात माडाची कोंबकूज ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

एका खोडाच्या पामला वाढीचा डोळा एकच असतो आणि तो शेंड्यात, पानांच्या बेचक्यात खोल दडलेला असतो. तो कुजला की बुडातून दुसरा फुटवा येत नाही. आधी तयार झालेली पानं मात्र मुळांच्या पाण्यावर कित्येक महिने हिरवी राहतात आणि त्यांनाच माणूस फसतो. प्लास्टिकच्या आत झाडाचा आणि मातीचा ओलावा घामासारखा साचतो, शेंड्यात उतरतो, रात्री गोठतो, दिवसा वितळतो. माझा पाम थंडीने मेला नाही, कोंडलेल्या ओलीने मेला.

इथे बहुतेक जण लावतात तो पंख्यासारख्या पानांचा चिनी पाम, ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने १८४९मध्ये चीनमधून त्याची रोपं पाठवली, म्हणून हे नाव. मुळं धरलेलं झाड उणे १२ अंशांच्या आसपासची थंडी सोसतं. याचा एक भाऊबंद आपल्या कुमाऊंत, पिथौरागढजवळच्या डोंगरांत बर्फात उभा असतो. अशा झाडाला गोधडीची गरज नाही, निचऱ्याची आहे. चिकणमातीत खड्डा खणून लावलं तर तो खड्डा हिवाळाभर पाण्याची टाकी होतो. त्यापेक्षा वीतभर उंचवटा करा, मातीत भरपूर खडी मिसळा, आणि लागवड मे-जूनमध्ये उरका, म्हणजे थंडीआधी मुळं धरतील. सप्टेंबरात सवलतीत मिळणारं रोप स्वस्त वाटतं, पण ते मुळं न धरताच हिवाळ्याला तोंड देतं. रोप लहान असेल किंवा पारा फारच उतरणार असेल, तर कोरड्या दिवशी पानं वर गोळा करून सैल बांधा, शेंड्यात मूठभर सुका पेंढा ठेवा, वरून हवा खेळणारं बागेचं पांढरं कापड घाला. कडाका ओसरला की लगेच सोडा. दिव्यांच्या माळा गुंडाळणारेही आहेत. जुन्या माळा थोडी ऊब द्यायच्या, आताच्या एलईडी माळांची ऊब जवळजवळ नाहीच. कुंडीतल्या पामचं आणखी वेगळं. जमिनीत मुळं सुरक्षित असतात, कुंडीत थंडी चारही बाजूंनी शिरते. कुंडी घराच्या भिंतीला टेकवा आणि कापड झाडाआधी कुंडीला गुंडाळा.

केळीचं सगळं उलटं. तिचं खोड हे खोड नव्हेच, एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ आहेत आणि त्यांत बहुतेक पाणीच. पहिल्या हिमाने पानं काळी पडतात, जास्त थंडीत खोड पिचकतं. पण वाढीचा डोळा जमिनीत, गड्ड्यात असतो. मुसा बासजू या जातीचा गड्डा नीट झाकला तर उणे १० अंशांच्या खालीही टिकतो आणि मेमध्ये बाजूने पील फुटतात. म्हणून काळी केळ उपटायची नाही. धारदार सुरीने खोडाच्या वरून एकेक चकती कापत खाली यायचं. तपकिरी, पाणी सुटलेला भाग जाऊ द्यायचा. पांढरी, करकरीत चकती लागली की थांबायचं. पार जमिनीपर्यंत काही चांगलं लागलं नाही तरी गड्डा जूनपर्यंत हलवायचा नाही.

खोड वाचवायचं असेल तर मेहनत आहे, पण ती करावी असं माझं मत आहे. वाचलेल्या खोडावर उन्हाळ्यात पानं माणसाच्या डोक्यावर जातात, आणि सगळं जुळलं तर केळफूलही येतं. (त्याची केळी बियांची असतात, खाण्याजोगी नसतात.) पहिल्या हलक्या हिमानंतर पानं कापायची, खोड ठेवायचं. भोवती कोंबड्यांच्या जाळीचं गोल कुंपण उभं करून त्यात सुका पेंढा भरायचा. खोड आणि जाळी यांच्यात निदान हातभर पेंढा हवा. वर तिरपं झाकण, म्हणजे पाऊस बाहेर ओघळेल; बाजू मात्र उघड्या. बुंध्यावर पानांच्या खताचा जाड थर. पेंढा ओला झाला तर बदलायचा, तो तसाच ठेवणं न झाकण्यापेक्षा वाईट.

गावी, जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला, आमची केळीची बाग. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की बाबा रात्री पाणी द्यायचे, बांधावर धूर करायचे. मी इथे केळ लावल्यावर फोनवर त्यांचं पहिलं सांगणं हेच होतं, "रात्री पाणी सोड, म्हणजे चरका बसत नाही." तिथे ते बरोबर आहे. थंडी पहाटेचे काही तास असते आणि विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. इथे थंडी आठवडाभर हलत नाही, आणि झोपलेल्या गड्ड्याला पाणी म्हणजे कुजण्याचं आमंत्रण. ऑक्टोबरनंतर केळीला पाणी नाही, आणि नत्राचं खत तर ऑगस्टनंतरच बंद. उशिरा दिलेल्या नत्राने फुटलेली कोवळी वाढ सगळ्यात आधी मरते.

लालसर पानांच्या केळीला, एन्सेट मॉरेलीला, यातलं काही लागू नाही. ती पील देत नाही आणि हिम सोसत नाही. ऑक्टोबरअखेर उकरायची, मधलं पान ठेवून बाकीची कापायची, काही दिवस उलटी टेकवून पाणी निथळू द्यायचं, आणि कोरड्या मातीत, गोठणार नाही अशा गॅरेजमध्ये ठेवायची. वसंतापर्यंत पाणी नाही. हे ऐकून लोकांना भीती वाटते. त्यांना मी सह्याद्रीतली रानकेळ आठवायला सांगतो, कुणी तिला कवदर म्हणतात, कुणी चवेणी. तीही एन्सेटच. पावसाळ्यात कड्यावर पानं पसरते, पाऊस सरला की सगळं टाकून कोरड्या दगडात नुसता गड्डा होऊन पडून राहते. मॉरेली मूळची आफ्रिकेची, पण कोरडी झोप तिलाही मानवते.

नारळ किंवा ग्रँड नैन, बसराई अशा खाण्याच्या केळी उघड्यावर लावायचा विचारही करू नका, कितीही झाकलं तरी. कॅनरी बेटांचा खजुरी पाम विकत घेताना फार देखणा दिसतो, पण समुद्रकाठ सोडून आत आलं की एका कडक हिवाळ्यात बहुधा जातो.

झाकलेलं उघडण्याची घाई मार्चच्या पहिल्या उन्हात होते. तेव्हा फक्त झाकण उचलून हवा येऊ द्या. पेंढा एप्रिलच्या मध्यापासून थोडाथोडा काढा, आणि पांढरं कापड मे संपेपर्यंत हाताशी ठेवा, कारण मेमध्येही एखाद्या निरभ्र रात्री हिम पडतं. पामची सुई मात्र जानेवारीपासूनच पंधरवड्याने हलकेच ओढून पाहा. सैल लागली तर शेंड्यावर पावसाचा थेंब पडू देऊ नका, कुजलेलं काढून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओता आणि ऑगस्टपर्यंत कुदळ उचलू नका. काही झाडांची वाढ खोल आत शाबूत असते, आणि जुलैत बेचक्यातून वेडंवाकडं, अर्धवट पान वर येतं. पुढचं पान सरळ येतं.