किनारी पर्वतांतील हिमप्रपात

हिमप्रपात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालय उभा राहतो. परंतु भूगोलाच्या अभ्यासात माझे लक्ष वेधून घेतले ते समुद्राजवळच्या पर्वतांनी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर गेलेली कॅस्केड रांग हे त्याचे ठळक उदाहरण होय. हिवाळ्यात पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या रांगेला अडतात, वर चढतात व थंड होतात. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीवर घडते तेच. फक्त तेथे उंचावर पावसाऐवजी बर्फ कोसळतो.

या भागात तापमान बहुधा शून्य अंशाच्या आसपास असते. त्यामुळे बर्फ ओलसर व जड असतो आणि त्याचे थर लवकर घट्ट बसतात. म्हणूनच येथे खरा धोका असतो तो वादळ चालू असताना व ते ओसरल्यावर लगेचच. वादळ थंड हवेत सुरू झाले, तर आधी हलका, भुसभुशीत बर्फ पडतो. पुढे हवा उबदार झाली की त्यावर जड बर्फ साचतो. लहान मडके खाली आणि मोठे वर, अशी ही उलटी उतरंड! त्यात पाऊस पडला तर भार वाढतो आणि थरांची पकड सुटते. ३० ते ४५ अंशांचा उतार असला की कडा कोसळायला वेळ लागत नाही.

१९१० च्या फेब्रुवारीअखेर वेलिंग्टन या लहानशा स्थानकात दोन आगगाड्या बर्फामुळे अडकून पडल्या. वरच्या उतारावरील झाडी पूर्वीच वणव्यात जळालेली होती. अनेक दिवसांच्या हिमवर्षावानंतर पाऊस आला, विजा कडाडल्या आणि १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर हिमप्रपाताने दोन्ही गाड्या खालच्या दरीत लोटल्या. ९६ माणसे मृत्युमुखी पडली.

पुढे १९१४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दैवी आपत्ती ठरवून रेल्वे कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले. कायद्याच्या दृष्टीने ते असो. पण रेल्वेनेच नंतर रुळांवर काँक्रीटची छपरे बांधली आणि १९२९ साली सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू करून तो मार्ग सोडला. ज्यापासून मार्ग वळवता येतो, त्याला केवळ दैव म्हणून कसे चालेल? बर्फ थांबून पाऊस लागला की सामान्य माणसाला हायसे वाटते. अभ्यासकाने मात्र तेव्हाच अधिक सावध व्हावे, हे मला या घटनेतून उमगले.