फारो शिकवताना उमगलेलं

१. मुलांना उत्तरापेक्षा उघडून बघायची मुभा जास्त हवी असते. धुळ्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना मी फारो दाखवतो. ही स्मॉलटॉक भाषेची खुली आवृत्ती. तिच्यातला मेनू, खिडकी, कंपायलरसुद्धा स्मॉलटॉकमध्येच लिहिलेला, आणि चालू असतानाच बदलता येतो. "सर, खरंच बदलू?" हा प्रश्न दरवर्षी येतो. आजवर कुणी त्यांना आतलं काही दाखवलेलंच नसतं.

२. पाठ केलेल्या नियमांवर आपला फार जीव असतो. फारोत ३ + ४ * ५ चं उत्तर ३५ येतं आणि वर्गात गलका होतो. पण इथे अधिक आणि गुणिले हे दोन्ही निरोपच. तीनला 'चार मिळव' असा निरोप जातो, सात तयार होतात, मग त्या सातांना 'पाचने गुण'. २३ हवे असतील तर कंस घाला. अख्ख्या भाषेत राखीव शब्द सहाच, बाकी सगळे निरोप. हे कळल्यावर मुलं आपापसात वाद घालू लागतात, आणि तो तास मला सगळ्यात प्रिय आहे.

३. चुकीची भीती यंत्रामुळेही जाते. नसलेल्या मेथडला हाक मारली की डीबगर उघडतो. तिथेच ती लिहायची आणि पुढे चालू करायचं. मध्येच वीज गेली तरी लिहिलेला कोड बदलांच्या फायलीतून परत मिळतो.

४. फुकट मिळणं ही लहान गोष्ट नाही. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत वाढलेली स्मॉलटॉक १९९६ मध्ये ॲलन के, डॅन इंगल्स आणि सहकाऱ्यांनी स्क्वीक या नावाने खुली केली. त्यातूनच २००८ मध्ये फारो निघालं. शाळेत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्क्रॅच १.४ आवृत्तीपर्यंत स्क्वीकवरच होतं. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या मराठी शाळेत मुलांसाठीचे स्वस्त एक्सओ लॅपटॉप आले. त्या लॅपटॉपवरचं ईटॉइज हे मुलांचं प्रोग्रॅमिंगचं साधनही स्क्वीकच. परवान्याचे पैसे मागितले असते तर हे तिथवर पोचलं नसतं, आमच्याकडेही नाही.

५. नोकरीचा प्रश्न टाळू नये. साक्री-शिरपूरहून आलेले पालक विचारतात, याने काम मिळेल का? फारोच्या नावाने मिळणाऱ्या जागा अगदी मोजक्या, हे मी स्पष्ट सांगतो. पण जावात ज्या जेयुनिटने चाचण्या घेतात, त्याचा पूर्वज केंट बेकने स्मॉलटॉकमध्ये लिहिलेलं एसयुनिट. म्हणून जावाच्या तासालाही मी आधी फारोच उघडतो.