मूत्रपिंडाचा आजार आणि अंगाची हालचाल

मूत्रपिंडाचा जुनाट आजार जडलेल्या माणसाला 'आता काही करू नकोस, पडून राहा' असे घरचे सांगतात ते मायेपोटीच. परंतु शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात या मायेने रुग्ण अधिकच खंगतो, असा अनुभव आहे. रक्तात साचणारी आम्लता, मंदावलेली भूक आणि रक्तक्षय यांमुळे त्याचे स्नायू आधीच झिजत असतात आणि त्यात अंथरुणाची भर पडली की उकिडवे बसून उठणेही त्याला जड जाऊ लागते.

याच्या उलट टोकाला वेदनाशामक गोळ्यांचा धोका आहे. लावणीच्या दिवसांत कंबर आणि गुडघे धरले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेण्याची सवय जुनी आहे; मात्र मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये या गोळ्यांमुळे कमी होतात, परिणामी रक्तपुरवठा घटतो आणि दुबळे मूत्रपिंड आणखी ढासळते. दुखण्यावर शेक, पाठीचे व मांड्यांचे व्यायाम आणि वाकण्याची सुधारलेली पद्धत, म्हणजेच फिजिओथेरपी, हा येथे गोळीला खरा पर्याय ठरतो.

डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्तशुद्धी, साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालते. त्यासाठी कल्याण-ठाण्याकडे जावे लागले तर शहापूरकरांना कसाऱ्याची लोकल तरी आहे, मुरबाडकरांना मात्र रस्त्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून व्यायामासाठी आणखी एक खेप सुचवणे व्यवहार्य नव्हे. इटलीत झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डायलिसिसवरील रुग्णांना, डायलिसिस नसलेल्या दिवशी, घरीच दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या चालायला सांगितले होते. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत कापले जाणारे त्यांचे अंतर सुमारे 40 मीटरने वाढले. अंगणात किंवा बांधावर एवढे चालणे कोणालाही जमण्याजोगे आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा दुसरा साधा व्यायाम होय. छातीत दुखणे, ताप, वाढलेली धाप किंवा चुकलेले डायलिसिस असेल त्या दिवशी मात्र दोन्ही टाळावेत, आणि प्रारंभ मूत्रपिंडतज्ज्ञाच्या संमतीनेच करावा.

पाण्याच्या हंड्याचा प्रश्न वेगळा आहे. तानसा, भातसा आणि मोडकसागर यांचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि ही विसंगती रुग्ण बाईच्या खांद्यावर येते: भर उन्हात हंडे वाहताना तहान लागते, पण पाणी मात्र मोजूनच प्यायचे असते. शिवाय ज्या हातात फिस्टुला, म्हणजे धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून सुया टोचण्यासाठी केलेली जागा, असते त्या हातावर हंड्याचे ओझे नको, घट्ट बांगड्या नकोत आणि रक्तदाबाचा पट्टाही नको. मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम मात्र, जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर, त्या हाताला हितकर असतो. रोज सकाळी फिस्टुलावर बोटे ठेवल्यास आतून बारीक थरथर जाणवते. ती जाणवली नाही तर उद्याच्या गाडीची वाट न पाहता त्याच दिवशी डायलिसिस केंद्र गाठावे.