सरासरी फसवते तेव्हा

चकती साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, हा डिस्क गोल्फ. त्याचे पहिले कायमचे मैदान एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात आखले. खेळाडू वर्षातून किती वेळा खेळतो?

समजा, पाच जण अनुक्रमे ४, ६, १०, ३० आणि २०० वेळा खेळले. सरासरी ५०, पण चौघे तिच्या खालीच! मध्यक मात्र १०.

मैदानाच्या दारात उभे राहून विचारले, तर २०० वेळा येणारा ४ वेळा येणाऱ्यापेक्षा पन्नासपट अधिक भेटणार. ती सरासरी १६४ च्या घरात जाते. तिच्यावर विसंबून दुकानदाराने चकत्या मागवल्या, तर माल पडून राहील.

मी सूत्र घालून मोकळा होत असे. आता आधी विचारतो, आकडा आणला कुठून?