रक्तातील खुणा आणि क्षयरोगाचे निदान



क्षय म्हटला की खोकला आणि बेडक्याची तपासणी, एवढेच आपणास ठाऊक असते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली बेडका पाहणे ही निदानाची प्रमुख पद्धत झाली. परंतु एच.आय.व्ही.ने प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्यात ती पुष्कळदा फसते.

असे का होते? रक्तातील सी.डी.४ या पेशी म्हणजे शरीराचे रक्षक. त्यांची संख्या घनमिलिमीटरला २०० च्या खाली गेली की रोग बळावला असे समजतात. फुफ्फुसात पोकळी पडते ती शरीर जंतूंशी झुंजते म्हणून. झुंज देण्याची ताकदच उरली नाही तर पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू कमी उतरतात आणि रोग रक्तावाटे अंगभर पसरतो. अहवाल 'दोष नाही' असा येतो, रोगी मात्र खंगत जातो.

म्हणून शास्त्रज्ञांनी रक्तात खुणा शोधल्या. त्यांपैकी तीन महत्त्वाच्या अशा :

१) प्रतिपिंडे : या चाचण्या आपल्याकडे अनेक वर्षे विकल्या गेल्या. त्या विश्वासार्ह नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सांगितले व भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली.

२) इंटरफेरॉन-गॅमा : ही चाचणी जंतूंचा संसर्ग दाखवते, रोग सुप्त की जागृत, हे सांगत नाही. सी.डी.४ घटल्यावर ती अधिकच डळमळते.

३) सी.आर.पी. : यकृतात तयार होणारे हे प्रथिन संसर्ग झाल्यावर वाढते. एच.आय.व्ही.बाधितात ते लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास क्षयाची पुढील तपासणी करावी, अशी शिफारस २०२१ साली झाली. मात्र ते न्यूमोनियातही वाढते.

सारांश, रक्ताची खूण संशय दाखवते, खात्री देत नाही. खात्रीसाठी जंतूचाच अंश सापडावा लागतो. बेडक्यातील जनुकीय चाचणीने किंवा लघवीतील 'लॅम' चाचणीने. लघवीची चाचणी बेडका न पडणाऱ्या अत्यवस्थ रोग्यालाही करता येते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, एच.आय.व्ही. असलेल्या माणसास ताप, रात्रीचा घाम, वजनात घट दिसली, तर बेडक्याच्या एका अहवालावर निश्चिंत राहू नका. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. लाजेपायी घालवलेले दिवस जिवावर बेततात. त्याला सोबत घेऊन चला.