सूचना पुरे, आता काम दे

अगं, "दहावी होऊ दे, मग शिकेल सगळं" असं तू म्हणतेस खरी. पण दहावीनंतर तुझा लेक पुण्याला कॉलेजात जाईल, तेव्हा शिकवायला तू जवळ असशील का? आत्ता आठवीत आहे, हीच वेळ. आणि शिकवायचं म्हणजे सूचनांचा पाऊस पाडायचा नाही. लोणावळ्यात तो आधीच पुष्कळ पडतो. काम त्याच्या हाती द्यायचं नि आपण स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसायचं.

भातच लावू दे आधी. इंद्रायणी तांदूळ आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातली, पण नवा तांदूळ असला की पाणी कमी लागतं हे किती पोरांना ठाऊक असतं? झाला गिचका तर होऊ दे. तोच सगळ्यांनी मुकाट जेवायचा. पुढच्या खेपेला पाणी तो स्वतः मोजेल.

लोकलने एकट्याला शिवाजीनगरला पाठव. दुपारी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ त्यानेच बघायची. तू दर स्टेशनला फोन करायचा नाहीस, कळलं? बँकेचंही तसंच. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच बँकांना दिली आहे. स्लिप त्याला भरू दे. काम हाताने करूनच येतं. तळेगावात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोकांच्या एकेका पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तिथे पोरं भट्टीपाशी उभी राहूनच काम शिकली.

आता खरी काळजीची गोष्ट. पाणी. टाकीत पोहता येतं म्हणून ओढ्यात निभावत नाही, हे त्याला काठावर उभं करून दाखव. वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की चप्पलसुद्धा शोधत बसायची नाही. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्या वर्षी 15 जूनला कुंडमळ्याचा पूल गर्दीसकट इंद्रायणी नदीत कोसळला. दोन्हीकडे मोठी माणसं होतीच ना?

म्हणून मित्र हात ओढत असताना "मी नाही येत" म्हणता येणं, हे मला भातापेक्षा नि बँकेपेक्षा मोठं वाटतं. ते घरात शिकवावं लागतं. तुमच्याकडे तो काही नाही म्हणाला की "उलट बोलतोस?" म्हणून गप्प करतात. अशा मुलाला धबधब्यावर एकाएकी कुठून कंठ फुटायचा?

पावसाळ्यात शनिवार-रविवार तुझ्याकडे पाहुणे असतातच. या वेळी कुठे न्यायचं ते त्याला ठरवू दे. आणि "आज पाण्यात नको" म्हणाला, तर भावजींसकट सगळ्यांनी त्याचं ऐका.